पाहुण्यांची पतंगगाडी

टक्!

सुई मोडली. एवढासा आवाज, पण दुपारच्या अडीच वाजता आमच्या मांडवीच्या घरात तो फटाक्यासारखा वाजला. ओटीवर आप्पांचं घोरणं थांबलं, माजघरात सासूबाईंनी कूस बदलली, आणि माझ्या पायाशी गोधडीवर झोपलेल्या जनीने एक डोळा उघडला. मी श्वास धरून बसले. जनी पाच वर्षांची. तिचे दोन्ही डोळे उघडले की माझी दुपार संपली. पण त्या दिवशी नशीब बरं होतं. डोळा मिटला, घोरणं परत सुरू झालं, आणि मी मशीनखाली वाकून सुईचा तुकडा चाचपडायला लागले.

ब्लाउज शिवताना माझी सुई कधी मोडली नाही. पण मी ब्लाउज शिवत नव्हते. छत्रीचं काळं कापड चार पदरी घेऊन मी पतंग शिवत होते. बारा फूट रुंदीचा. आणि हा पतंग माझ्या नवऱ्याला तीनचाकी गाडीत बसवून समुद्रकिनाऱ्यावरून ओढत नेणार होता, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं.

नवऱ्याचं नाव गंगाराम. तोंडाने मी 'अहो' म्हणते, पण इथे गंगारामच म्हणते. नाहीतर 'हे म्हणाले, हे गेले' करत गोष्ट गल्लीच्या बाहेर पडायची नाही.

गंगाराम मोठ्या बोटीवर असतो. 'विमलचा नवरा सात समुद्र फिरतो' असं आमच्या आळीत सगळ्या बायका म्हणतात आणि माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात. खरी गोष्ट अशी की तो इंजिनरूममध्ये तेलपाणी बघतो. वर्षभर तो तळघरात असतो आणि त्याला घड्याळ सोडून काही दिसत नाही. समुद्र तो मांडवीला आल्यावरच बघतो, तोसुद्धा भेळ खाताना.

त्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशी साली, तो शिमग्याच्या तोंडावर आला. सव्वादोन वर्षांनी. आल्या आल्या त्याने जनीला उचलायला हात पुढे केले. जनी दोन पावलं मागे सरकली, माझ्या पदराआड गेली आणि तिथून अगदी नीट, आजीने शिकवलं होतं तसं म्हणाली, "या पाहुणे. पाय धुवा."

सगळे हसले. गंगारामही हसला. पण त्याने पाय धुतले ते फार वेळ धुतले.

पुढचे चार दिवस तो तिच्या मागे होता. डोळे मिटणारी बाहुली झाली, सोनेरी कागदातली चॉकलेटं झाली, दाबलं की दिवा लागणारं पेन झालं. जनी प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची आणि म्हणायची, "थँक्यू, पाहुणे." जेवायची वेळ झाली की ओटीवर जाऊन, "पाहुणे, पानं वाढलीत." मी एकदा तिला बाजूला घेऊन दटावलं, "अगो, ते बाबा आहेत तुझे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि बाहुलीचे डोळे मिटत बसली.

हे 'माहीत आहे' ऐकून मला जास्तच धडकी भरली. गंगारामला मी ते सांगितलं नाही. त्याने मला एवढंच सांगितलं, "विमल, पाडव्यानंतर मी जाणार. त्याच्या आधी हिच्या तोंडून 'बाबा' ऐकल्याशिवाय मी बोटीवर चढत नाय." आणि वर हसला, म्हणजे मी ती चेष्टा समजावी म्हणून. मी समजले नाही.

मग फोटो निघाला.

विलायतेत कुठल्याशा बंदरात त्याची बोट आठ दिवस अडकली होती. तेव्हा किनाऱ्यावर त्याने एक माणूस पाहिला. बुटक्या तीनचाकी गाडीत बसलेला, हातात दोऱ्या, वर पतंग आणि गाडी सुसाट. गंगारामने धावत जाऊन त्याचा फोटो काढला. फोटोत पतंग आला नव्हता, दोऱ्याही दिसत नव्हत्या आणि अर्ध्या आकाशावर गंगारामचा अंगठा होता. उरला होता तो जमिनीला टेकून बसलेला एक गोरा माणूस, दोन्ही हात वर करून तोंड वासलेला.

सासूबाई म्हणाल्या, "ह्याला काय झालंय रे? पोटात दुखतंय काय?"

आप्पांनी फोटो लांब धरून पाहिला. आप्पा चाळीस वर्षं मचव्यावर तांडेल होते, शिडाच्या होडीचे कप्तान. आता गुडघे गेले म्हणून ओटीवर बसून दुसऱ्यांची जाळी विणून देतात. ते म्हणाले, "शिव्या देतोय कुणाला तरी."

आणि जनी, जी चार दिवस पाहुण्यांपासून तीन हातांवर बसत होती, ती सरकत सरकत आली आणि त्याच्या गुडघ्याला टेकली.

"ह्या गाडीला बैल कुठे आहे?"

"बैल नाय. वारा ओढतो."

"वारा?"

"वारा. वर पतंग बांधलेला असतो."

जनीने फोटोकडे पाहिलं, मग गंगारामकडे. "तुम्हाला येते अशी गाडी करायला?"

जन्मात कधी सायकलचं पंक्चर न काढलेला माझा नवरा म्हणाला, "न यायला काय झालं!"

आणि आमचं घर कामाला लागलं.

गाडी मिरकरवाड्याच्या बाबू वेल्डरने केली. बाबू होड्यांच्या इंजिनांची कामं करायचा, त्यामुळे कुठलीही वस्तू त्याला दोनदा समजावून सांगावी लागत नसे. न समजताच तो जोडायला घ्यायचा. मोडक्या स्कूटरची तीन चाकं, पाण्याचा पाइप, आणि बसायला आमच्या ओटीवरची वेताची खुर्ची, पाय कापलेली. पुढचं चाक पायाने वळवायचं आणि हाताने पतंग सांभाळायचा. पतंगाच्या दोन दोऱ्यांना धरायला दोन मुठी हव्या होत्या. त्या कशाच्या झाल्या ते मला दुसऱ्या दिवशी भाकरीऐवजी चपात्या करायला घेतल्या तेव्हा कळलं. लाटणं मधोमध कापलेलं होतं.

"अहो, मी आता लाटू कशाने?"

"तांब्याने लाट गो दोन दिवस. गाडी महत्त्वाची की चपाती?"

"हे वाक्य तुम्ही जेवायच्या वेळेला परत म्हणा."

पतंगाचं कापड माझ्या अंगावर पडलं. पहिला पतंग मी नणंदेने दिलेल्या मोरपंखी नायलॉनच्या साडीचा शिवला. ती साडी कापताना मला जो आनंद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. पण साडी नणंदेसारखीच निघाली. कशालाही धरून ठेवीना, वारा आरपार. मग छत्री दुरुस्त करणाऱ्याकडून काळ्या कापडाचा गठ्ठा आणला. सगळे झोपले की दुपारी दोन ते साडेतीन मी मशीनवर बसायची. सासूबाईंना मी सांगितलं होतं की गणवेश शिवतेय. त्यांनी ते काळं कापड पाहिलं आणि विचारलं, "वकिलांची शाळा आहे काय?"

इकडे गंगाराम सहलीची आखणी करत होता. गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने अख्खा किनारा काढला. भाट्यापासून सुरुवात, मग आरे, वारे, गणपतीपुळे, वर गुहागर, आणि शेवटी दापोलीकडे कर्दे, मुरूड, आंजर्ले. आठ दिवस, आठ किनारे. रोज एक. प्रत्येक किनाऱ्यासमोर लाल पेनाने गाडीचं चित्र, आणि गाडीत दोन माणसं, एक मोठं, एक वेणीवालं.

"आणि मी कुठे?" मी विचारलं.

त्याने जरा विचार करून किनाऱ्यावर एक टिंब काढलं. "ही तू. डबा घेऊन."

पहिला अडथळा एस्टीने आणला. गंगाराम स्टँडवर चौकशीला गेला तर कंट्रोलरने विचारलं, "टपावर काय टाकायचंय?" हा म्हणाला, "गाडी." तो म्हणाला, "गाडीच्या टपावर गाडी?" मग स्टँडवरच्या पाचजणांनी मिळून त्याला चहा पाजला आणि परत पाठवला. दुसरा अडथळा खाड्यांनी आणला. दर दोन किनाऱ्यांमध्ये एक खाडी, तिला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस. ही गोष्ट शाळेतलं पोरही सांगेल, पण गंगारामच्या नकाशात किनारा सरळ आखलेला होता, पट्टीने. आठाचे पाच झाले, पाचाचे तीन. दापोली तर खोडरबराने अशी पुसली की कागदाला भोक पडलं.

शेवटी उरलं एक गणपतीपुळे. तेही सासूबाईंनी राखलं म्हणून.

"नवी गाडी हाय," त्या म्हणाल्या. "आधी गणपतीला दाखवायची, नारळ फोडायचा, मग काय ते उड्या मारा. परवा संकष्टी हाय. माझा उपास असतोच. परवाच जायचं."

कोणी हरकत घेतली नाही. संकष्टीला गणपतीपुळ्याला जायला कोण हरकत घेईल? आप्पा ओटीवर जाळ्यात सुई घालत बसले होते. त्यांनी मान वर केली, लेकाकडे पाहिलं आणि मान परत खाली घातली. "मी नाय येत. गुडघे," एवढंच म्हणाले.

बाबूकडे टेम्पो होता. मागे गाडी, पतंग, मी, जनी, सासूबाई, साबुदाण्याच्या खिचडीचा डबा, नारळ. पुढे बाबू आणि गंगाराम. निवळीवरून वळसा घेत, प्रत्येक खड्ड्यात सासूबाईंच्या तोंडून गणपतीचं एकेक नाव ऐकत आम्ही पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. दर्शन, नारळ, खोबरं चाकाला, कुंकू खुर्चीला. सगळं आटपून गाडी ढकलत खाली आणली तर तीन.

आणि किनाराच नव्हता.

म्हणजे होता. देवळाकडून खाली भुसभुशीत वाळूचा एक पट्टा होता आणि त्यावर सगळं कोकण नारळ हातात घेऊन उभं होतं. पण गाडी चालते ती ओल्या घट्ट वाळूवर. ती सगळी पाण्याखाली. लाटा येऊन पार भेळवाल्याच्या पाटीपर्यंत पाय धुऊन जात होत्या.

"ओसरेल," गंगाराम म्हणाला. "जरा थांबू."

आम्ही थांबलो. पाणी ओसरलं नाही. माणसं मात्र जमली. एकाने विचारलं, ही अपंगांची गाडी का. एका आजींनी खुर्चीला कुंकू बघून गाडीला नमस्कार केला. मग त्याच्या आईसमोर, बायकोसमोर, मुलीसमोर आणि तीस-चाळीस अनोळखी लोकांसमोर गंगारामला नुसतं उभं राहणं अशक्य झालं. तो त्या भुसभुशीत वाळूतच गाडीत बसला आणि बाबूला म्हणाला, "सोड पतंग!"

पतंग मात्र पहिल्या फटक्यात उडाला. मी शिवला होता. काळा, बारा फुटी, फडफडत असा वर गेला की माणसं 'अरे बापरे' करून मागे सरली. गाडी तसूभर हलली नाही, तिची चाकं अर्धी रुतली होती. हलला तो गंगाराम. पतंगाने त्याला खुर्चीतून अलगद उचलला, चार पावलं पळवला, आणि तोंडावर आपटून शहाळीवाल्याच्या ढिगापर्यंत पालथा ओढत नेला. अर्धी अर्धी लाटणी त्याच्या हातातून सुटली तेव्हा पतंग शांतपणे समुद्रात जाऊन बसला.

 मग जनीचा खणखणीत आवाज आला.

"पाहुणे पडले."

टेम्पोने परत निघालो. गंगारामच्या कानात, नाकात, दाढीच्या खुंटात वाळू होती. जनी माझ्या मांडीवर झोपली होती. तो मागे येऊन बसला होता, तिच्या पायाशी. हळूच म्हणाला, "जाऊ दे गो. पाडव्याला बारा दिवस राहिले. जातील असेच." मी त्याच्या केसांतली वाळू झाडली. सासूबाई समोर होत्या, तरी झाडली.

घरी ओटीवर आप्पा तसेच बसले होते. लेकाकडे वरून खालपर्यंत बघून म्हणाले, "आज तिथ काय?"

"चतुर्थी," गंगाराम म्हणाला.

"चार त्रिक?"

"आप्पा, आता नको."

"चार त्रिक?"

"बारा."

"बाराचा चौथा हिस्सा?"

"तीन."

"तीन वाजता भरती," आप्पा म्हणाले. "चतुर्थीला तीन वाजता पाणी भरलेलं असतं. तुझ्या जन्माच्या आधीपासून. माझ्या जन्माच्या आधीपासून. तीन वाजता पुळ्याला गाडी चालवायला गेलेलास तू?"

गंगाराम त्यांच्याकडे बघतच राहिला. मग ओरडला, "अहो, मग सकाळी का नाय सांगितलंत?"

"इचारलंस?"

"मी विचारायचं? तुम्हाला दिसत होतं आम्ही निघालोय ते!"

"मला वाटलं मोठ्या बोटीवरचा माणूस. तुमच्याकडं यंत्र असंल कायतरी." आणि आप्पांनी जाळ्यात सुई घातली.

मला वाटलं आता भांडण होणार. सासूबाईंना पण वाटलं, कारण त्या पटकन आत गेल्या, म्हणजे आतून नीट ऐकता येतं. पण गंगाराम मटकन ओटीच्या पायरीवर बसला आणि हसायला लागला. नाकातून वाळू पडेपर्यंत हसला. मग म्हणाला, "आप्पा, इचारतो. कधी न्यायची गाडी?"

मी लग्न होऊन आल्यापासून या दोघांना एकमेकांना काही विचारताना पहिल्यांदाच ऐकत होते. आप्पांनी जाळं बाजूला ठेवलं. भिंतीवरचं कॅलेंडर मागवलं, आणि बोट तिथींवरून सरकवत नेलं.

"वारा कवा धरतो? दोनला. तुला तीनला सुकती पायजे, पाणी पार उतरलेलं. म्हणजे सहा तास आधी, सकाळी नवाला भरती. बारा त्रिक छत्तीस, चौथा हिस्सा नऊ. द्वादशी. नि पुळं नको, टेम्पो नको. समोर भाट्याला चल. भागोजीची होडी घेऊ, खाडी उतरली की पलीकडं. मैलभर वाळू हाय, सिमेंटासारखी. एका किनाऱ्याला पुरून उरलास तर बस झालं."

"बारा त्रिक छत्तीस," जनी दारातून म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

आठ दिवसांनी द्वादशी. तेवढ्या दुपारी मी पतंग उसवून परत शिवला, खारट पाण्याने आखडला होता. चार सुया गेल्या. दोरी गंगारामने आप्पांच्या सांगण्यावरून मासेमारीची घेतली, आणि बापलेक रोज संध्याकाळी धक्क्यावर जाऊन नुसता पतंग उडवायचे. गाडी नाही, फक्त पतंग. आप्पा कठड्यावर बसून ओरडायचे, "डावी ओढ! मेल्या, डावी! जेवतोस कुठल्या हातानं?"

द्वादशीला सासूबाई आल्या नाहीत. "एकदा बघितलं तुमचं," म्हणाल्या. आप्पा आले. गुडघ्यांचं कोणी नाव काढलं नाही. भागोजींच्या होडीत गाडी आडवी टाकली, तिच्या चाकावर जनी बसली, आणि आम्ही पलीकडे उतरलो. तीनला दहा कमी होते.

काय वाळू होती ती! ओली, काळसर, सपाट, दूर सुरूंच्या बनाच्या टोकापर्यंत. पाणी इतकं मागे गेलं होतं की लाटांचा आवाज शेजारच्या घरातून आल्यासारखा. आणि वारा समुद्रावरून तिरका, एकसारखा.

गंगाराम बसला. आप्पांनी हात वर केला. थांब, थांब, थांब... "सोड!"

गाडी हलली. आधी बैलगाडीसारखी, मग सायकलीसारखी, मग मला पदर सावरायचंही भान राहिलं नाही. दूरवर जाऊन वळताना उलटली. परत येताना निम्मी वाट ढकलत आणावी लागली, कारण वारा जाताना बसवून नेतो, येताना ओळख दाखवत नाही. तीनदा गेला, तीनदा आला. तिसऱ्या खेपेला गाडी उलटली नाही.

जनी एकदम माझा हात सोडून पुढे झाली. "मी."

"आधी मी," मी म्हणाले. ती बसणार असेल तर ते यंत्र आधी मला कळायला हवं होतं. निदान मी स्वतःला असं सांगितलं. मी सासऱ्यांकडे पाहिलं. आप्पांनी तोंड खाडीकडे फिरवलं आणि भागोजींना विचारलं, "औंदा बांगडा कसा काय?" मार्च महिन्यात, बांगड्याचा हंगाम सरल्यावर. मी साडीचा काचा मारला, खुर्चीत गंगारामच्या पुढ्यात अंग चोरून बसले, आणि गेले.

त्याबद्दल मी जास्त सांगत नाही. एवढंच, की पाच वर्षांत माझ्या दोन्ही कानांत एकाच वेळी कोणाचीही हाक नव्हती असं ते पहिलं मिनिट होतं.

मग जनी. गंगारामने तिला मांडीत घेतलं आणि आप्पांचा पंचा दोघांच्या कमरेभोवती आवळला.  मी म्हणाले, "घट्ट धरा." तो म्हणाला, "दोन्ही हातांत पतंग आहे गो. तिलाच मला धरायला हवं." जनीने हे ऐकलं. तिने त्याच्या शर्टाकडे पाहिलं, जसं आपण परक्याच्या घरी खुर्चीकडे पाहतो, बसू की नको. मग दोन्ही मुठींत त्याचा शर्ट पकडला.

ती दोघं गेली. काळा पतंग पुढे, खाली एवढीशी गाडी. लहान लहान होत सुरूंच्या टोकाशी एक टिंब झाली. माझ्या हातात डबा होता.

परत यायला त्यांना फार वेळ लागला. गंगाराम गाडी ढकलत होता, जनी पतंगाचा गोळा छातीशी धरून पुढे चालत होती. मला काही विचारायचा धीर होईना. त्याचे डोळे लाल होते, पण वाळूवर कोणाचेही होतात. तेवढ्यात जनीने मागे वळून, काही विशेष नसल्यासारखं म्हटलं, "बाबा, लवकर चला ना. मला तहान लागली."

आप्पांनी भागोजींना बांगड्याचं परत विचारलं. भागोजी म्हणाले, "तेच सांगतोय ना मघापासून!" गंगाराम खाली बसून चाकाचा नट आवळू लागला. चाकाला काही झालेलं नव्हतं. मी तांब्याचं झाकण उघडून लेकीला पाणी दिलं. ती पाणी प्यायली, उरलेलं तिने बाबाला नेऊन दिलं.

होडीतून येताना ती अखंड बोलत होती. बाबा, तो पक्षी कुठला, बाबा, उद्या परत, बाबा, आपण दापोलीला पण जाऊ, मी कागदावरचं भोक चिकटवते. दोन वर्षांचे 'बाबा' तिने त्या खाडीत खर्च केले.

घरी आलो तर सासूबाई देवापुढे डोळ्याला पदर लावून बसलेल्या. समोर निरांजन, आणि निरांजनापुढे तार. फोडलेली नव्हती. तार म्हणजे कोणीतरी गेलं, एवढंच त्यांना ठाऊक. दुपारी चारपासून त्या बसून नात्यातल्या एकेकासाठी रडत होत्या. माहेरची माणसं संपवून सासरच्यांवर आल्या होत्या. गंगारामने तार फोडली, वाचली.

"कोण रे?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाय आये. कंपनीची आहे. बोट लवकर सुटतेय. उद्याच निघायला सांगितलंय."

"हात्तिच्या!" सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं..." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी परत डोळ्याला पदर लावला.

पाडव्याला अजून चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगाराम आप्पांबरोबर रिझर्वेशनचं बघायला स्टँडवर गेला. मी त्याची बॅग भरत होते. दोन शर्टांच्या मध्ये लाडवांचा डबा, सॉक्समध्ये लोणच्याची बाटली. आजारी पडलं की काय घ्यायचं ते एका कागदावर लिहिलं होतं, तोही. जनी पलंगावर मांडी घालून बसली होती आणि बघत होती. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आई, मागल्या वेळी ते कधी गेले?"

"तू लहान होतीस. तीनसुद्धा पूर्ण नव्हती. तुला नाही आठवणार."

"आठवतं," ती म्हणाली. "मी बाबा म्हणायला शिकले. सगळ्या घरात पळत पळत बाबा, बाबा म्हणत होते. तुम्ही सगळे हसत होतात. मग दुसऱ्या दिवशी ते बॅग घेऊन गेले."

माझ्या हातात त्याचा निळा शर्ट होता. मी त्याची घडी केली, मोडली, परत केली.

"म्हणून मी या वेळी म्हणतच नव्हते," जनी म्हणाली. "काल चुकून तोंडातून निघालं. गाडी जोरात गेली ना, म्हणून." तिने पलंगावरून उतरून बॅगेत डोकावून पाहिलं, किती भरली ते, आणि मग माझ्याकडे मान वर केली.

"आई, मी काल बाबा म्हटलं नसतं, तर ते राहिले असते का?"